घरातल्या घरात : आकाशकंदिलाची हत्यारे

आकाशकंदील घरी करायचा असे एकदा ठरले, की घरोघर पहिला वाद होतो तो कागदाच्या रंगावरून. थोरल्याला लाल हवा असतो, धाकटीला गुलाबी, वडील मंडळींना पांढरा, आणि ज्यांच्या खिशातून पैसे जायचे असतात त्यांना गेल्या वर्षीचा उरलेला. हत्यारांचे नाव मात्र कोणी काढत नाही. ती घरात आहेतच, असे सगळ्यांनी धरून चाललेले असते. मग दिवाळीच्या आधीच्या रविवारी कमट्या पुढ्यात पडतात आणि स्वैपाकघरावर धाड येते. भाजीची सुरी जाते, विळी जाते, आजींच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता जातो, आणि ऐन करंज्यांच्या वेळी कातणे शोधावे तर ते झिरमिळ्यांना नक्षी पाडण्यात गुंतलेले! संध्याकाळपर्यंत सुरीची धार गेलेली, अडकित्ता खिळखिळा झालेला, आणि कोणाच्या तरी बोटाला चिंधी बांधलेली असते. कंदील अर्धाच.

तेव्हा या दिवाळीला कागदाआधी हत्यारांचा विचार करू या. भिऊ नका, फार खर्चात पाडणार नाही. कात्री घरची धरली, तर बाकीचे सारे दोनशे रुपयांच्या आत बसावे, आणि त्यातले निम्मे तर पुढची पाच-सात वर्षे पुरावे. आमच्या कोपरगावात यासाठी कोणत्याही खास दुकानाची पायरी चढावी लागत नाही. एक हार्डवेअरवाला, एक स्टेशनरीवाला आणि एक बुरूड एवढी तीन माणसे भेटली की झाले. आणि ही तीन माणसे नाहीत असे गाव उभ्या महाराष्ट्रात नसावे.

आधी बुरडाकडे जाऊ. कारण कमटी बरी असेल तर हत्याराचे निम्मे काम वाचते, आणि कमटी वाईट असेल तर सोन्याचे हत्यार घेऊनही उपयोग नाही. बांबू घरी आणून फाडण्याच्या भानगडीत पडू नये. बुरूड कोयत्याचा एक घाव घालतो आणि पुढे नुसत्या हाताच्या पिळाने सहा फुटांचा बांबू टोकापर्यंत सरळ उभा फाडत नेतो. हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे. त्याला एवढेच सांगावे, की लांब पेरांचा बांबू काढा, कमटी अर्धा सेंटिमीटर रुंद ठेवा आणि गाठी तासून द्या. गाठीपाशी धागे वाकडे जातात. कमटी चिरते ती तिथेच. सांगाल तशी तो करून देईल. त्याच्याशी मात्र पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करू नये. प्लॅस्टिकने त्याच्या सुपा-टोपल्यांचा धंदा केव्हाच खाल्ला आहे, आणि तयार प्लॅस्टिकच्या कंदिलापुढे आपण एक अक्षर न बोलता चारपट पैसे मोजतोच.

किती कमट्या लागतील याचा हिशेब आपल्या जुन्या कंदिलात फार सुरेख बसवलेला आहे. चार चौकटी कोनावर उभ्या करायच्या, शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधून त्यांचे कडे करायचे, वरचे चार कोपरे चार कमट्यांनी जोडायचे आणि खालचे चार तसेच चार कमट्यांनी. झाल्या चोवीस कमट्या, आणि चोवीसही एकाच लांबीच्या. वेगळ्या मापाची एकही नाही. सदनिकेच्या गॅलरीसाठी नऊ इंचांचे माप पुरे. कंदील सुमारे पावणेतेरा इंच उंच आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत दीड फूट रुंद होतो. वाड्याच्या किंवा बंगलीच्या दारासाठी एक फुटाचे माप घ्यावे. मग उंची सतरा इंच आणि रुंदी दोन फूट. नऊ इंचांच्या हिशेबाने सहा फुटांच्या एका फाकेत बरोबर आठ कमट्या निघतात, म्हणजे तीन फाकांत कंदील. चौथी फाक मोडतोडीसाठी घ्यावी. मोडतोड होतेच.

आता मुख्य हत्यार. कमट्या तोडायला सुरी नको, विळी नको आणि अडकित्ता तर नकोच नको. बांबूच्या पाठीवरचे कवच फार कठीण असते. त्यात वाळूतलेच द्रव्य मिसळलेले आहे. सुरी त्यावरून घसरते, आणि घसरली की ती पुढे कोठे जायची हे आपल्या हातात राहत नाही. बोटे कापतात ती जोर लावल्यामुळे कापतात, धारेमुळे त्यामानाने कमी. म्हणून जिथे जोर लावावा लागतो तिथे दात असलेले हत्यार घ्यावे. ते हळूहळू खाते, पण जागा सोडत नाही.

हे हत्यार म्हणजे लोखंड कापायचे हॅकसॉ ब्लेड. चौकट घ्यायची गरज नाही. नुसते पाते घ्यावे. दुकानात ‘चोवीस दात’ म्हणून मागावे, म्हणजे इंचाला चोवीस दात असलेले. अठरा दातांचे पाते भराभर चालते खरे, परंतु बारीक कमटीचे धागे ओढून काढते आणि टोक झाडूसारखे पिंजते. बत्तीस दातांचे मिळाले तर आणखी चांगले. पात्याच्या एका टोकाला सायकलची जुनी ट्यूब चार इंच घट्ट गुंडाळली की मूठ झाली. पंक्चरवाला ट्यूबचा तुकडा बहुधा फुकट देतो. ज्यांना तेवढाही खर्च नको असेल त्यांनी जवळच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये विचारावे. तिथे मोडकी पाती पडलेली असतात, आणि आपल्याला अर्धे पातेही पुरते.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही ती मी सांगते. चौकटीत लावतात तेव्हा पात्याचे दात पुढच्या बाजूला तोंड करून असतात, कारण कारागीर पुढे ढकलताना कापतो. नुसते पाते हातात धरून तसे ढकलले तर ते वाकते. म्हणून दात आपल्याकडे तोंड करून धरावे आणि आपल्याकडे ओढताना कापावे. ओढताना पाते ताणलेले राहते, सरळ जाते आणि मुलांच्या हातूनही बिघडत नाही. कमटी पाटावर आडवी ठेवावी, पाठ वर. आधी पाठीवर चौफेर एक रेघ ओढून घ्यावी, मग कापावे. चिरफळ्या निघणार नाहीत. टोके पॉलिश पेपरने दोनदा घासली की कूस लागायची भीती गेली. कित्येक घरांत यासाठी फुटक्या काचेचा तुकडा वापरायची जुनी चाल आहे. ती सोडून द्यावी हे उत्तम.

दात असलेल्या लहान हत्याराचे हे महत्त्व साता समुद्रापलीकडेही लोकांना कळले आहे. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन नावाचा सण असतो. त्या दिवशी घरोघर मोठा नारिंगी भोपळा आतून पोकळ करतात, त्याला डोळे-नाक-दात कोरतात आणि आत दिवा ठेवून दाराशी मांडतात. मूळची ही चाल आयर्लंडातली, तिथे सलगमासारखे कंद कोरीत. आयरिश माणसे अमेरिकेला गेली आणि त्यांना तिथे हे अगडबंब भोपळे सापडले. आता तिकडच्या दुकानांत भोपळा कोरायला खास चिमुकल्या करवती मिळतात, कारण सुरी जाड सालीत रुतते आणि उपसताना हात घसरतो. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबर आणि आपली नरकचतुर्दशी एकाच दिवशी आल्या. तिकडच्या मराठी घरांतून एका पायरीवर पणती आणि दुसऱ्या पायरीवर दात विचकणारा भोपळा, असे फोटो त्या वर्षी नातेवाइकांच्या फोनवर येऊन पडले, आणि इकडची नातवंडे लगेच ‘आपणही डांगर कोरू या’ म्हणून मागे लागली!

कोरायचेच असेल तर खुशाल कोरावे. आपल्याकडचे डांगर गराने जाड असते, म्हणून ते पाऊण पोकळ करावे लागते. त्यासाठी नारळाची खोवणी किंवा कडा झिजलेला लोखंडी डाव यापरते दुसरे साधन नाही. डोळे पाडायला हेच हॅकसॉचे पाते, मात्र नवे आणि स्वच्छ धुतलेले, टोकाकडचा अरुंद तुकडा घेऊन. गराचे घारगे करावे, बिया वाळवून भाजाव्या. अन्नाची नासाडी होता कामा नये. जुन्या घरांतून अशी रीत आहे, की अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची. लावू दे की. पुढचे चिरणे, खोवणे, तळणे आणि ओटा पुसणे यांच्याविषयी रीत काही बोलत नाही.

असो. आपल्या कंदिलाकडे वळू. कमट्या झाल्या की दोरा. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा सर्वांत बरा. तो खळीत बुडवून बांधला की गाठ सुकल्यावर दगडासारखी होते. संक्रांतीचा उरलेला मांजा काढून देण्याचा मोह पुष्कळांना होतो, विशेषतः आमच्या बाजूला, कारण येवला जवळ, आणि येवल्याची पतंगबाजी व तिथल्या आसाऱ्या सगळ्यांच्या परिचयाच्या. परंतु काचेचा मांजा आवळताना बोटांत शिरतो, आणि नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. तो घरात सापडला तर तुकडे करून टाकावा, दुसऱ्या कामाला लावू नये.

चोवीस कमट्या बांधून सांगाडा उभा केला, की तो डुगडुगतो. जरा पिळला तर स्वतःतच मिटून बसतो. इथे पुष्कळांचा धीर सुटतो आणि ‘बांधणी चुकली’ म्हणून सगळे सोडायला बसतात. बांधणी चुकलेली नसते. त्रिकोण आपणहून ताठ राहतो, चौकोन राहत नाही; आणि आपल्या सांगाड्यात चौकोन सहा आहेत. बाजूच्या चारही चौकटींत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन-दोन दोरे फुलीसारखे ताणून बांधावे. नऊ इंचांच्या चौकटीत फुलीचा प्रत्येक दोरा पावणेतेरा इंचांचा यायला हवा. दोन्ही सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात बसली, हे वेगळे मोजायला नको. वर कागद चढून वाळला की उरलेला पीळही जातो. कागदच त्याला आवळून धरतो.

कागद कापायला कात्री घरची म्हटले, पण कोणती घरची? शिवणाची नव्हे. शिवणाच्या कात्रीने कागद कापला की तिची धार कापडावर चालेनाशी होते, आणि त्यावरून ज्या घरात एकदाही वाद झाला नाही ते घर धन्य. जुनी, शिवणातून निवृत्त झालेली कात्री या कामाला ठेवावी. सायकलवरचा धारवाला दारावरून जातो तेव्हा तिला धार लावून घ्यावी. नवी घ्यायची झाली तर मेरठची घ्यावी. तिथल्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिची पाती झिजली तरी पुन्हा पुन्हा धार लावता येते. प्लॅस्टिकच्या मुठीच्या झगमगीत कात्र्या दिसायला सुबक असतात, परंतु एकदा बोथटल्या की बोथटल्या.

जाळीची नक्षी कोरायची असेल, म्हणजे कार्डात चांदण्या, कोयऱ्या, वेलबुट्टी, तर पेपर कटर लागेल. स्टेशनरीच्या दुकानात दोन रुंदीचे मिळतात. मोठा अठरा मिलिमीटरचा ‘मजबूत’ म्हणून पुढे करतात. आपण लहान नऊ मिलिमीटरचा घ्यावा. वळणावर तोच फिरतो. पाते एक-दोन खणांहून जास्त बाहेर काढू नये, आणि जे कुलूप लागते ते दोनदा ओढून पाहावे. खालून पोळपाट घेऊ नये. जुन्या कॅलेंडरांची चळत घ्यावी. धार गेली की पुढचा खण पकडीने मोडायचा असतो. तो मोडलेला तुकडा मात्र तसाच कचऱ्यात टाकू नका. कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून टाका. घंटागाडीवर कचरा हातांनी वेगळा करणारी बाई तो डोळ्यांनी पाहू शकत नाही, हातानेच पाहते.

मुलांना काय द्यावे? माझे मत असे, की दहाच्या आतल्या मुलांना खळ, शेपट्या आणि रंगांविषयीचे अंतिम अधिकार द्यावे. दहाच्या पुढच्यांना पाते द्यावे, मोठे माणूस शेजारी बसलेले असताना. कटर मात्र आठवी-नववीपर्यंत नाही, कितीही रडले तरी. आणि हा नियम मुलगे व मुली या दोघांना एकच ठेवावा. पुष्कळ घरांत अजून मुलगा पाते चालवतो आणि मुलगी खळ शिजवते. दिवाळीच्या एका रविवारी तरी उलट करून पाहावे.

खळीविषयी दोनच गोष्टी. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात आधी पूर्ण कालवावा, मगच मंद आचेवर ठेवावा. ढवळता ढवळता पांढरा रंग जाऊन चकाकी आली की उतरवावी. आधी पाणी तापवून मैदा टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या कंदिलावर उजेडात उठून दिसतात. दुसरे असे, की झुरळे कागद कुरतडू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालीत असत. मोरचूद विषारी आहे; लहान मुलांच्या घरात ते आणूच नये. कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत टांगायचा असतो, म्हणजे वसुबारसेपासून धरले तर अठरा-एकोणीस दिवस, आणि कार्तिकात गोदाकाठी रात्रीचे दव पडते. तेव्हा सांध्यांवर खळीऐवजी दुकानातला पांढरा गोंद लावला तर जास्त टिकेल.

दिव्याचा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. तारेच्या चाळीस वॉटच्या दिव्याने कागद करपत असे. आता तीन वॉटचा एलईडी पुरतो आणि फारसा तापत नाही. मात्र कंदील वायरवर टांगू नये. कंदिलाचे ओझे दोऱ्यावर, वायर ढिली.

एवढी हत्यारे एकदा बाहेर काढली, की आणखी चोवीस कमट्या कापायला तासभर लागत नाही. म्हणून एक सुचवणे आहे. आमच्या तालुक्यात कोळपेवाडी आणि सहजानंदनगर अशा दोन ठिकाणी सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगामाची तयारी सुरू होते, आणि बीड जिल्ह्यातून व आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डीकडून ऊसतोडीची कुटुंबे येऊन उतरतात. आपण या लेखात हत्यारांविषयी बोलत आहोत म्हणून सांगते, की त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत दोन माणसे मिळून एक हत्यार मांडलेले असते, आणि उचलही त्या हिशेबानेच दिलेली असते. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. त्यांची मुले त्यांच्याबरोबरच असतात. शाळा गावाकडे सुटलेली, आणि दिवाळी पुष्कळदा उसाच्या फडाशेजारी, पाचट, बांबू आणि ताडपत्री यांच्या कोपीत.

दुसरा कंदील त्यांच्यासाठी करता येईल. पण तिथे तो करण्याची रीत थोडी निराळी ठेवावी लागते. कोपीला आग लागायला एक ठिणगी पुरते. तेव्हा मेणबत्ती, पणती यांचे नावही काढू नये. विजेची जोडणी धरून चालू नये. सेलवर चालणारी एलईडीची लहान माळ, किंवा दिवसा उन्हात तापवून रात्री लागणारा छोटा सौर दिवा, असे आत बसवून द्यावे, आणि सेल बदलायचे कसे ते तिथल्या एखाद्या मुलीला समजावून द्यावे. सेलची एक जोडी जास्त द्यावी. माप नऊ इंचांचेच बरे. कोपीचे दार ठेंगणे असते. नेण्याआधी कोपीवर जाऊन विचारावे, दुपारी नव्हे, दुपारी सगळे फडात असतात. दिवे लागणीला जावे. आणि एक सात-आठ फुटांची वेळूची काठी बरोबर न्यावी, कारण तिथे खिळा ठोकायला भिंत नसते.